कबांची पहिली स्काऊट रात्र: एका मुक्कामाचं शिबिर कसं आखायचं

दहा वर्षं पूर्ण झाली की भारत स्काऊट्स आणि गाईड्समधला कब (दहा वर्षांखालचा मुलगा) स्काऊट पथकात जातो आणि बुलबुल (त्याच वयाची मुलगी) गाईड कंपनीत. रजिस्टरमध्ये हा बदल एका ओळीत संपतो, पण मुलासाठी सगळंच बदलतं. कब पॅकमध्ये, म्हणजे कबांच्या गटात, गोष्ट सांगणारे, खेळ घेणारे, पाण्याची बाटली शोधून देणारे सगळे कबमास्टरच. स्काऊट पथकात काम चालतं ते संघावर, म्हणजे सहा ते आठ जणांच्या पॅट्रोलवर, आणि त्याचा संघनायक बारा-तेरा वर्षांचा असतो. सर काही सांगतील म्हणून वाट पाहणारा नवा मुलगा इथे गोंधळतो. दोन-चार सभांना येतो आणि मग क्लासची वेळ पुढे करून गळतो.

शनिवार-रविवारच्या एका मुक्कामात हे टाळता येतं. मात्र या शिबिराचं काम एवढंच, की कबाने एक दिवस आणि एक रात्र खऱ्या संघात काढावी. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर बेडन पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं तेव्हा सुमारे वीस मुलं चार संघांत विभागली होती. ही रचना आजही तशीच चालते आणि आपल्या शिबिराचा आकारही तोच ठेवावा. पुढचे आकडे २० कब, १२ स्काऊट आणि ६ प्रौढ असे धरले आहेत. चार संघ, प्रत्येक संघात ५ कब आणि ३ स्काऊट. एका संघात सहा-सात कब घातले की स्काऊट त्यांना आवरण्यातच दमतात आणि संघ राहत नाही. स्काऊट ११ ते १३ वयाचे घ्यावेत. दहावीतला मुलगा कबाला सरांसारखाच वाटतो, म्हणजे मूळ हेतूच गेला. बुलबुल-गाईडसाठी आखणी हीच, फक्त शिबिर वेगळं आणि सोबत महिला गाईडर.

सहा आठवडे आधी: जागा आणि कागद

महाराष्ट्रात यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा. पाऊस नसतो, जळण सुकलेलं असतं. पण घाटमाथ्यावर आणि पठारावर पहाटे १०-१२ अंशांपर्यंत थंडी उतरते, आणि पुणे-मुंबईच्या आसपास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वेळापत्रकाची सगळी ओढाताण या सहा वाजण्यामुळे होते.

जागा शाळेपासून तास-दीड तासाच्या आत असावी. शेत, बागेची मोकळी जागा किंवा एखाद्या आश्रमशाळेचं मैदान चालेल. वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगी लागते आणि चूल पेटवता येणार नाही असं गृहीत धरा. जागा पाहायला दिवसा जा आणि या गोष्टी स्वतः तपासा.

संडास आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. दहा वर्षांच्या मुलाला रात्री जंगलाची भीती वाटते असं मोठे समजतात. खरी भीती संडासाची असते. अंधारात कुठे जायचं हे माहीत नसलं की मूल संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतं आणि सकाळी डोकं दुखतं म्हणून बसून राहतं. बांधलेला संडास नसेल तर एक फूट रुंद, दोन फूट खोल, तीन फूट लांब चर खणून चार आडोसे करता येतात. ते विहीर आणि स्वयंपाकापासून किमान शंभर फूट दूर, उताराच्या बाजूला हवेत. पण पहिल्या शिबिरासाठी बांधलेला संडास असलेलीच जागा निवडावी. चर खणायला शिकण्यासाठी पुढे बरीच वर्षं आहेत.

झाडांवर आणि जवळच्या कड्यावर आग्यामोहोळ आहे का पाहा. दिसलं तर दुसरी जागा शोधा. चुलीचा धूर वाऱ्याबरोबर तिकडे गेला की काय होतं याचा अंदाज घेत बसण्यात अर्थ नाही. कुंपणावर, झुडपांवर खाजकुईलीच्या शेंगा लोंबत असतील तर तो भाग सुतळी बांधून बंद करा. हिवाळ्यात या शेंगा वाळतात आणि हात लागताच कुसं उडतात. कुणाला लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून कुसं उचलायची आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं.

पाणी माणशी दहा लिटर धरा. अडतीस जणांना साधारण ४०० लिटर होतं, त्यातलं पिण्याचं सव्वाशेच्या आत. विहिरीचं पाणी असेल तर पिण्यापुरतं उकळा किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा.

कागदांत मुख्याध्यापकांचं पत्र, स्काऊट-गाईडच्या जिल्हा संघटकांना कळवल्याची प्रत, जागामालकाची लेखी संमती आणि स्थानिक पोलिस ठाण्याला माहिती हे चार हवेतच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन प्रश्न विचारा: रात्री कोण असतं आणि सर्पदंशावरची लस ठेवलेली असते का. नसेल तर ती कुठे मिळते त्या रुग्णालयाचं अंतर लिहून घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, पण फोनवर जागा सांगता येत नाही. म्हणून गावाचं नाव, तालुका, रस्त्यावरची ठळक खूण आणि फाट्यापासूनचं अंतर एका कार्डावर लिहून प्रत्येक प्रौढाच्या खिशात ठेवा.

पालकांच्या संमतिपत्रात दोन फोन क्रमांक, ॲलर्जी, दमा, चालू औषधं, उपास किंवा जैन जेवण, आणि झोपेत चालणं वा अंथरूण ओलं करणं हे रकाने हवेत. शेवटचा रकाना बहुतेक पालक रिकामा ठेवतात. तो फोन करून, एकेकट्याला विचारा. पालकसभेत विचारू नका.

संघनायकांची तालीम

हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि शिबिर फसतं ते इथेच. संघनायकाला तंबू येतो, चूल येते, म्हणून तालमीची गरज नाही असं वाटतं. पण स्वतः करणं वेगळं आणि लहानग्याकडून करवून घेणं वेगळं. तालीम नसलेला संघनायक दोनपैकी एक करतो. पाचही कबांना बाजूला उभं करून वीस मिनिटांत तंबू स्वतः ठोकतो, नाहीतर कंबरेवर हात ठेवून ओरडत राहतो.

दोन आठवडे आधीच्या शनिवारी चारही संघनायक आणि उपसंघनायकांना शाळेच्या मैदानावर बोलवा. तोच तंबू, तीच खिचडी, तेवढ्याच मापाने. एक स्काऊटमास्टर कब होतो आणि मुद्दाम चुका करतो: खुंटी उलटी ठोकतो, दोरी सोडून देतो, मध्येच पाणी प्यायला जातो. नियम एकच द्या: हात कबाचे, तोंड संघनायकाचं. गाठ एकदा करून दाखवायची, सोडायची आणि कबाला द्यायची. चुकली तर पुन्हा सोडायची. कबाच्या हातातून दोरी ओढून घेतली की तालमीत तिथेच थांबवा.

उपसंघनायकाकडे मोजणी द्या. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी संघात आठ जण आहेत की नाही हे त्याने सांगायचं. तिसरा स्काऊट सामानाचा धनी: खुंट्या, दोऱ्या, पळ्या, सुरी, सगळं मोजून घेणार आणि मोजून परत देणार.

शिट्टीचे इशारेही याच दिवशी घोटा. एक लांब शिट्टी म्हणजे शांतता. पाठोपाठ तुटक शिट्ट्या म्हणजे गोळा व्हा. तीन तुटक आणि एक लांब म्हणजे फक्त संघनायकांनी यायचं. शिबिरात ही तिसरी शिट्टी पहिल्यांदा वाजली की वीसच्या वीस कब धावत सुटतात. हसू नका, परत पाठवा. दुसऱ्या वेळी पाच-सहा धावतात, तिसऱ्या वेळी कुणी नाही, आणि संघनायकामार्फत निरोप येतो ही गोष्ट भाषणाशिवाय समजते.

सामान

एका संघासाठी:
- ताडपत्री १२ × १५ फूट (कबांसाठी), दुसरी लहान ताडपत्री किंवा दोन-तीन जणांचा तयार तंबू (स्काऊटांसाठी)
- पाच फुटी जाड बांबू ३, कण्याची (तंबूच्या माथ्यावरून जाणारी) दोरी ८ मि.मी. जाड ४० फूट, ताणदोऱ्या १२ फुटी ४
- खुंट्या २०, दहा-बारा इंच लांब. लाकडी हातोडा १
- खाली अंथरायला जाड प्लास्टिक
- नऊ-दहा लिटरचं पातेलं, झाकण, कढई, लांब दांड्याची पळी, झारा, चिमटा, लहान सुऱ्या २
- पाण्याचे कॅन २०-२० लिटरचे २, बादल्या २ (एक चुलीजवळ कायम भरलेली)
- बॅटरीचा कंदील २

कबाच्या पाठीवरच्या पिशवीत ताट-वाटी-पेला, पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग, स्वेटर, कानटोपी, झोपायचे सुती कपडे, एक जादा जोडी, टॉर्च, पाण्याची बाटली, टूथब्रश आणि चप्पल. पिशवी मुलाने स्वतः भरावी, आईने नुसतं पाहावं. आईने भरलेल्या पिशवीत मोजे कुठे आहेत हे मुलाला रात्री सापडत नाही. गणवेशावरचा स्कार्फ आणायचाच, पण चुलीजवळ जाण्याआधी काढून तंबूत ठेवायचा. टेरिकॉटचा गणवेश ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, म्हणून स्वयंपाकाला सुती शर्ट. मोबाइल नको.

शनिवार दुपार: तंबू

सगळे घरून जेवून दीड वाजता जागेवर. पहिली पंधरा मिनिटं सीमा दाखवण्यात जाऊ द्या: इथून पुढे नाही, विहिरीकडे एकट्याने नाही, संडास हा. मग संघ जाहीर करा. एकाच बाकावरचे दोन मित्र एका संघात चालतील, चार नकोत. सव्वादोनला तंबूला हात घाला, कारण पावणेचारपर्यंत तो उभा राहिला तरच स्वयंपाक उजेडात होतो.

गाठी फक्त तीन शिकवा आणि त्याही तंबूच्या जागी, लागतील तेव्हा. बांबूला क्लोव्ह हिच, खुंटीला वेढा घालून दोन हाफ हिच, आणि संध्याकाळी त्रिकोणी पट्टी बांधताना रीफ नॉट. मैदानात रांगेत बसवून सात गाठी दाखवल्या तर रात्रीपर्यंत एकही उरत नाही. रीफ नॉटने तंबूच्या दोऱ्या जोडू देऊ नका. नायलॉनमध्ये ती सरकते, आणि ताण हलला की सुटते. ती पट्टीसाठी, कारण सपाट बसते.

आता क्रम. जमिनीवरचे खडे, काटे वेचा. हाताने मोठा दगड उलटू नका, काठीने उलटा, खाली विंचू असू शकतो. चिमूटभर माती वरून सोडून वाऱ्याची दिशा पाहा. हिवाळ्यात वारा सहसा ईशान्य-पूर्वेकडून असतो, म्हणून तंबूचं तोंड त्या बाजूला नको. जमीन उताराची असेल तर झोपताना डोकी वरच्या बाजूला येतील असं आखा.

दोन बांबू पंधरा फुटांवर उभे करायचे. कण्याची दोरी प्रत्येक बांबूच्या टोकाला क्लोव्ह हिचने बांधायची, तीही बांबूच्या पेराच्या अगदी वर. गुळगुळीत भागावर बांधलेली गाठ ताण आला की घसरत खाली येते आणि तंबू एका बाजूने बसतो. दोरीची दोन्ही टोकं बांबूपासून सहा फूट पुढे खुंटीला. प्रत्येक बांबूला शिवाय दोन ताणदोऱ्या, कोंबडीच्या पायासारख्या पसरलेल्या, नाहीतर वारा आडवा आला की बांबू झोपतो. बांबू जमिनीत अर्धा फूट गेला की कणा साडेचार फुटांवर येतो. त्यावर ताडपत्री अशी टाकायची की दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट उतरेल. खाली सुमारे आठ फूट रुंदीची जागा मिळते. पाच कब आडवे झोपतात, उरलेल्या भागात पिशव्या राहतात. पंधरा फुटांत दोरी मध्ये झोळ खातेच, म्हणून तिसरा बांबू आतून मधोमध टेकू म्हणून.

खुंट्या ठोकताना डोकं तंबूपासून दूर झुकलेलं हवं. दहापैकी सहा कब पहिल्यांदा खुंटी सरळ किंवा तंबूकडे झुकवून ठोकतात. संघनायकाने काही न बोलता दोरी ओढून दाखवावी. खुंटी हातात येते आणि मुद्दा संपतो. समोरासमोरच्या खुंट्या एकाच वेळी ठोका. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलं तर कणा तिरका होतो.

प्लास्टिकच्या कडा आत दुमडून वर उचललेल्या ठेवा आणि ताडपत्रीचा काठ जमिनीला टेकवून त्यावर माती सारा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचं बऱ्याचदा लगेच कळतही नाही. हिवाळ्यात साप कमी फिरतात, तरी ही फट बुजवायची. स्काऊटांचा लहान तंबू सहा-सात फुटांवर लावा. कब आणि स्काऊट वेगवेगळे झोपतात, प्रौढांचा तंबू त्याहून वेगळा. कुठल्याही कामासाठी एक प्रौढ आणि एक मूल असं एकट्याने कुठेही नाही, हा नियम सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

चूल आणि खिचडी

चार वाजता चहा-बिस्किट, कबांना दूध. मग जळण. आठ जणांच्या रात्रीच्या जेवणाला सात-आठ किलो आणि सकाळला पाच किलो वाळलेलं लाकूड लागतं. ओली फांदी तोडायची नाही. कबांनी तीन ढीग करायचे: काडेपेटीच्या काडीएवढं, बोटाएवढं, मनगटाएवढं. पहिला ढीग सगळ्यात मोठा हवा, आणि तोच नेहमी अपुरा पडतो. आग पेटत नाही ती बहुतेक वेळा याच कारणाने. दुसरं कारण म्हणजे लाकडं दाटीने रचणं. हवा जायला जागा उरली नाही की फुंकून फुंकून डोळे लाल होतात, बाकी काही होत नाही. रॉकेल शिबिरात आणूच नका. हाताशी असलं की ते ओतलं जातं.

तीन दगडांची चूल, दगड डगमगत नाहीत हे भरलेलं पातेलं ठेवून तपासा. नदीतले गोटे नकोत, तापल्यावर फुटतात. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला की काजळी मातीवर बसते आणि घासायला दोन मिनिटं लागतात. लेप न दिलेलं पातेलं घासताना कबांचा रविवार सकाळचा उत्साह संपतो.

एका संघाची खिचडी: तांदूळ ६५० ग्रॅम, मूगडाळ ३०० ग्रॅम, बटाटे ४, कांदे ४, तेल ८० मि.लि., मोहरी-जिरं-हळद-हिंग, गोडा मसाला दोन चमचे, मीठ सुरुवातीला चहाचे चार सपाट चमचे आणि शेवटी चव पाहून आणखी दोन-तीन. पाणी साडेचार लिटर. तांदूळ-डाळ तासभर आधी भिजत घालायचे, त्यामुळे जळण वाचतं. विळी आणू नका. बसून कापायची सवय नसलेल्या मुलाच्या हाती लहान सुरी आणि पाट सुरक्षित. संघनायक समोर बसतो, एका वेळी एकच कब कापतो.

फोडणी, कांदा, बटाटा, मग निथळलेले तांदूळ-डाळ, दोन मिनिटं परतून गरम पाणी. पाणी दुसऱ्या भांड्यात आधीच तापत ठेवलेलं हवं. उकळी आली की निम्मी लाकडं ओढून बाहेर काढायची. याच क्षणी संघ चुकतात: भूक लागलेली असते, मोठी आग म्हणजे लवकर जेवण असं वाटतं, आणि दहा मिनिटांत बूड लागतं. आग कमी केल्यावर पाच-पाच मिनिटांनी तळापासून पळी फिरवायची, तांदूळ फुटायला लागले की फिरवणं बंद. झाकण, झाकणावर दोन निखारे, दहा मिनिटं. बूड लागलंच तर पळी घालू नका, वरची खिचडी हलकेच दुसऱ्या भांड्यात काढा. करपलेला वास वर येतो तो तळ खरवडल्यामुळे.

मोठ्यांनी संघांत फिरून चव घ्यावी, मीठ सांगू नये. खिचडी अळणी झाली तर संघच लोणच्याने भागवतो. मात्र डाळ कच्ची राहिली आहे असं दिसलं तर पाणी घालून परत चुलीवर ठेवायला लावा, अर्धकच्च्या डाळीने रात्री पोटं दुखतात. प्रौढांच्या चुलीवर जादा भात तयार असावा, कुणाला न सांगता. एखादा संघ पातेलं उलटंही करतो.

भाजलं तर जागा वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. चुलीजवळची बादली आग विझवायला आणि यासाठीही.

झेंडा सूर्यास्ताआधी उतरवायचा, म्हणून पावणेसहाला पाच मिनिटं चूल एका स्काऊटवर सोपवून बाकी सगळे घोड्याच्या नालेच्या आकारात उभे राहतील. जेवण साडेसहाला.

शेकोटी आणि रात्र

शेकोटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण प्रत्येक पथकाची आपली रीत असते. पाऊण तास पुरे. सुरुवातीला मोठ्या आवाजाची, टाळ्यांची गाणी, आग बसत जाईल तशी संथ. प्रत्येक संघाचा एक कार्यक्रम, चार मिनिटांचा, आधी पाहून घेतलेला. कुणाच्या रंगावर, तोतरेपणावर, जातीवर विनोद असेल तर तो तिथेच काढा. ग्लिसरिन आणि पोटॅशियम परमँगनेटने आपोआप पेटणाऱ्या आगीचा चमत्कार काही ठिकाणी हौसेने दाखवतात. या वयाच्या मुलांसमोर तो नको, घरी जाऊन करून पाहतात. भुताच्या गोष्टी नकोत, का ते रात्री दोन वाजता कळतं.

नऊला संडासाची फेरी, संघाने एकत्र जायची. तंबूपासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधा आणि दोन्ही टोकांना कंदील लावा. रात्री जायचं झालं तर कब शेजारच्या कबाला उठवतो आणि दोघं जातात, हे आधी एकदा करून घ्या. बूट-चप्पल घालण्याआधी झटकायची.

घरची आठवण साडेनऊ ते अकरा या वेळात येते. एकाने रडायला सुरुवात केली की दुसऱ्याला त्याचीच वाट असते. संघनायकाला सांगून ठेवा, की "रडू नको" म्हणायचं नाही, काम द्यायचं: कंदील तपासायला चल, उद्याच्या पोह्यांचे दाणे मोजू. थांबलं नाही तर दोन प्रौढांनी उजेडात, सगळ्यांना दिसेल असं बसवून कोमट दूध द्यावं. तासभरानेही मूल शांत नसेल तर पालकांना फोन करा, त्यात कमीपणा नाही. खरं तर हे पालकसभेतच निम्मं सुटतं. "करमलं नाही तर लगेच न्यायला येतो" असं निघताना म्हणू नका, एवढं पालकांना बजावा. त्या वाक्याने मुलाच्या हातात दार उघडं राहतं आणि रात्रभर ते दाराकडेच पाहतं.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला अकरा वाजता पहाऱ्यावरच्या दोघांनी हळूच उठवावं. प्रौढांच्या तंबूत दोन कोरी पांघरुणं आणि चड्ड्या ठेवाव्यात. पहाटे बदल झाला तर सकाळी कुणी विषय काढायचा नाही. पहारा दोन-दोन प्रौढांचा, दहा ते दोन आणि दोन ते सहा. उरलेले दोघं झोपलेले हवेत, कारण सकाळी गाडीबरोबर जाणारं माणूस ताजं लागतं.

साप चावल्याची शंका आली तरी: मुलाला चालवू नका, चावलेला भाग फळी लावून स्थिर करा, घट्ट आवळू नका, कापू नका, चोखू नका, आणि थेट लस असलेल्या रुग्णालयात. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका.

रविवार

सव्वासहाला उठणं. थंडीत मुलं पांघरुणातून निघत नाहीत. बेडन पॉवेल यांचे सहा व्यायाम लगेच घेतले की अंगात ऊब येते. संघासाठी कांदेपोहे: पोहे ६०० ग्रॅम, कांदे ४, दाणे १०० ग्रॅम, तेल ६० मि.लि. पोहे भिजवताना कब ते पाण्यात बुडवून ठेवतात आणि लगदा होतो. चाळणीत घेऊन वरून पाणी, मग दहा मिनिटं झाकून.

आठला तपासणी. दोष सांगताना कबाला नाही, संघनायकाला सांगा, तो संघाला सांगेल. मग ध्वजारोहण, प्रार्थना, झेंडागीत.

नऊला मागकाढणी. किलोमीटरभराच्या वाटेवर वीस-पंचवीस पावलांवर एक खूण: काड्यांचा बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे या वाटेने नाही, चौकोनात आकडा आणि बाण म्हणजे इतक्या पावलांवर निरोप, वर्तुळात ठिपका म्हणजे घरी गेलो. खुणा आदल्या दिवशी लावू नका. सकाळी सातला शेळ्या सुटतात आणि निम्म्या खुणा जातात. संघ दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. खूण सापडली नाही तर पुढे अंदाजाने जायचं नाही, शेवटच्या खुणेपाशी एकाला उभं करून बाकीच्यांनी पसरून शोधायचं. पुढे कुणीही ओरडून उत्तर सांगू नये म्हणून वाटेवर ठेवलेला प्रौढ गप्प राहणारा निवडा. शेतकऱ्याने हुरड्याला बोलावलं तर मागकाढणी अर्धी सोडून खुशाल जा. आगटी पाहायला मिळणं हेही शिक्षणच आहे.

साडेअकराला तंबू उतरवणं: आधी खुंट्या मोजा, मग ताडपत्री. चूल विझवून पाणी ओतायचं, हात फिरवून गार लागेपर्यंत. राख पसरून दगड जागेवर.

मग अर्धा तास संघसभा. संघनायक, आपले पाच कब आणि बाकी कुणी नाही. प्रत्येकाने एक आवडलेलं आणि एक जड गेलेलं सांगायचं. मोठ्यांनी कानावर पडणार नाही इतकं लांब बसावं. इथे वचन, दीक्षा, स्कार्फ बदलणं असं काही घेऊ नका. पथकात आल्यावर स्काऊट वचन, नियम, चिन्ह, सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन हे सगळं शिकून मगच दीक्षा होते. आणि पॅकमधून पथकात जाण्याचा निरोप-स्वागताचा सोहळा पालकांसमोर, दोन्ही मास्टर हजर असताना, शाळेत व्हावा. थकलेल्या मुलाकडून रविवारी दुपारी "हो" म्हणवून घेणं बरोबर नाही.

एकच्या सुमारास निघायचं. बसमध्ये उपसंघनायकांनी मोजणी, मग प्रौढांनी स्वतः मोजणी.

सोमवारपासून

ताडपत्र्या दवाने ओल्या असतात. दुसऱ्याच दिवशी गच्चीवर वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास धरतात. प्रथमोपचार पेटीतलं वापरलेलं लिहून भरा. कबमास्टरने स्काऊटमास्टरला प्रत्येक मुलाबद्दल दोन-तीन ओळी द्याव्यात: काय खात नाही, कशाला घाबरतो, कुठलं काम मागून घेतलं. चारचौघांत न सांगण्याच्या गोष्टी तोंडी.

आणि दोन आठवड्यांच्या आत पथकाची एक सभा ठेवून या वीस जणांना बोलवा, निरोप संघनायकाने स्वतः द्यायचा, वर्गावर जाऊन. सभेत पाहुणे म्हणून बाकावर बसवू नका. आपापल्या संघात उभं करा आणि शिबिरातलीच क्लोव्ह हिच पुन्हा घ्या. ज्याला वय पूर्ण व्हायला अजून चार-सहा महिने आहेत, त्याचा पॅक सोडवू नका. महिन्यातून एकदा पथकाच्या सभेला येऊ द्या आणि संघाच्या यादीत त्याचं नाव पेन्सिलने लिहून ठेवा.